बिल्डरच्या कंपनीत नोकरी: नाशिकमधलं आतलं चित्र

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सिव्हिलची पदवी झालेली, घर निफाड तालुक्यात, हातात नाशिकमधल्या दोन ऑफर. एक मोठ्या नावाच्या डेव्हलपरकडे सेल्स आणि कस्टमर रिलेशनची, पगार बरा. दुसरी पाथर्डी फाट्याकडे काम करणाऱ्या एका भागीदारी फर्ममध्ये साइट इंजिनिअरची, पगार कमी. वडील म्हणतात, बिल्डरकडची नोकरी आज आहे तर उद्या नाही, त्यापेक्षा स्पर्धा परीक्षा दे. आणि ताईंना जाणून घ्यायचंय की आत नेमकं काम कसं चालतं.

मी या क्षेत्रात साइटवरून सुरुवात केली आणि आता जमीन बघण्यापासून सोसायटी स्थापन होईपर्यंतचं सगळं माझ्याकडे येतं. वडिलांची काळजी खोटी नाही. पण ती या क्षेत्राबद्दल असण्यापेक्षा कंपनी कोणती यावर जास्त अवलंबून आहे. या कामात तुम्ही दिलेला शब्द आणि केलेली सही तुमच्या नोकरीपेक्षा जास्त वर्षं टिकते. तुम्ही कंपनी सोडून जाल, इमारत तिथेच उभी राहील आणि लोक त्यात राहतील. ज्या कंपनीत हे ओळखून काम चालतं तिथे नोकरी चांगली, बाकीच्यांकडे नाही.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की खड्डा खणला की बिल्डरचं काम सुरू झालं. खरं म्हणजे खड्डा पडेपर्यंत त्या प्लॉटवर कितीतरी महिने गेलेले असतात. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी या पट्ट्यात जी जमीन मोकळी दिसते ती कुणाचा तरी मळा होती, कुणाची तरी द्राक्षबाग होती. सातबाऱ्यावर चार भावांची नावं, इतर हक्कांत विकास सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा, आजोबा गेल्यानंतर वारसांची नोंद अर्धवट, आणि बहिणींची नावं लागलेलीच नाहीत. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क जन्मापासून मिळाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. त्यामुळे सिन्नरला, येवल्याला, सुरतेला दिलेल्या प्रत्येक बहिणीची सही हवी. ती मिळवायला कंपनीचा माणूस घरोघर जातो, चहा घेतो, जुन्या भांडणांचे पाढे ऐकतो. यात घाई करणारी कंपनी पुढे दाव्यात अडकते आणि तिच्यासोबत घर घेणारेही अडकतात. बहिणीला बाजूला ठेवून कागद उरकायला बघणाऱ्या साहेबांकडे मी कधीच टिकून राहिलो नाही. तुम्हीही राहू नका.

वकील जमिनीच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा सर्च काढतो, पेपरात जाहीर नोटीस देतो. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी अटींवर दिलेली असेल, कूळ कायद्याने मिळालेली असेल, तर परवानगी किंवा सरकारला भरायचा नजराणा, जे लागेल ते आलं. आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे शासनाच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला हात लावता येत नाही, आणि लावूही नये. मग मोजणी. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि जाग्यावरचं क्षेत्र जुळलं तर त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना हायसं वाटतं. बांध सरकलेला असतो, शेजाऱ्याची विहीर हद्दीत असते, नकाशात रस्ता असतो पण जागेवर नसतो.

नाशिकमध्ये जमीन बघताना नदी विसरून चालत नाही. सप्टेंबर २००८ चा गोदावरीचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना पूररेषा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम होत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये परवानगी मिळते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं. नदीकाठचा प्लॉट स्वस्तात मिळतोय म्हणून कुणी ऑफिसात उत्साहाने सांगत असेल, तर पहिला प्रश्न हाच विचारायचा. नासर्डी आणि वालदेवीच्या काठालाही तेच लागू. नकाशावर ओढा दिसत नसला तरी पावसाळ्यात जाऊन पाहावं, असा माझा नियम आहे.

मंजुरीचं काम वेगळ्याच स्वभावाचं. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या राज्याला बांधकामाची एकच नियमावली लागू झाली, तिला आम्ही यूडीसीपीआर म्हणतो. महापालिका हद्दीत मूळ एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण) १.१०, आणि वर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) किती वापरता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. त्यामुळे सारख्याच आकाराच्या दोन प्लॉटांवर रस्ता नऊ मीटरचा की अठरा मीटरचा यावरून प्रकल्पाचं सगळं गणित बदलतं. आर्किटेक्ट, सरकारी कचेऱ्यांचं लायझनिंग बघणारा आणि ज्याला हिशेब कळतो असा एक माणूस, हे तिघे बसून रात्री उशिरापर्यंत क्षेत्रफळाचे तक्ते करतात. इंजिनिअरने हे शिकून घेतलं तर त्याला कंपनीत कुणी नुसता 'साइटवाला' म्हणत नाही.

नियम का पाळायचे हे समजायला नाशिककरांकडे हातातलं उदाहरण आहे. साधारण २०१५ नंतर गाजलेलं कपाट प्रकरण. एफएसआयमधून सूट असलेली कपाटाची जागा भिंत सरकवून खोलीत घेण्याची पद्धत शहरात पडली होती. सगळेच करत होते, ग्राहकालाही खोली मोठी मिळत होती. मग महापालिकेने पूर्णत्वाचे दाखले थांबवले आणि शहरातली हजारो घरं लटकली. लोक राहायला आलेले, हप्ते सुरू झालेले, पण दाखला नाही. घर विकायला काढलं तर घेणाऱ्याला कर्ज मिळेना. धोरणं येऊन तोडगा निघेपर्यंत बराच काळ गेला. त्या काळात कंपन्यांच्या ऑफिसात फोन उचलणाऱ्या मुलामुलींनी जे ऐकलं ते त्यांनी केलेलं नव्हतं, पण उत्तर त्यांनाच द्यावं लागत होतं. 'इथे सगळे असंच करतात' हे वाक्य एखाद्या ऑफिसात सारखं कानावर आलं, तर ते धोक्याचं लक्षण समजा.

आता साइट. तुम्ही सिव्हिलच्या आहात म्हणून इथे जरा थांबतो.

सकाळी साडेआठला हजेरी. मुकादमाकडून किती मिस्त्री, किती बिगारी, किती शटरिंगवाले (काँक्रीटचा साचा बांधणारे), किती फिटर (सळ्या बांधणारे) आले ते लिहून घ्यायचं. पेठ, सुरगाणा, हरसूल भागातली कुटुंबं बिगारी कामाला येतात. पावसाळ्यात भाताच्या आवणीला आणि होळीला ती गावी जाणारच, हे गृहीत धरून वेळापत्रक लावावं लागतं. शटरिंग, टाइल्स, प्लास्टरवाले बरेचसे बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थानचे. त्यांच्याही सणांच्या तारखा तुमच्या डायरीत हव्यात. बार चार्टवर (कामाच्या वेळापत्रकावर) जून महिना भरलेला आणि साइटवर माणूस नाही, असं ज्या ऑफिसात दर वर्षी होतं तिथे कुणीही मजुरांशी बोललेलं नसतं.

स्लॅबचा दिवस म्हणजे परीक्षा. आदल्या संध्याकाळी स्टील तपासून घ्यायचं: सळ्यांमधलं अंतर, जोडावरचा लॅप, सळ्यांखालचे कव्हर ब्लॉक, वरच्या सळ्या उचलून धरणाऱ्या चेअर. रात्री पाऊस झाला की शटरिंगवरचा गाळ सकाळी धुऊन काढायचा. आरएमसीची (प्लांटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटची) गाडी द्वारका चौकात अडकली की तुमचा जीव वर येतो, कारण प्लांटवर भरल्यापासून दोन तासांच्या आत माल उतरायला हवा. उशिरा आलेल्या गाडीत ड्रायव्हर किंवा ठेकेदाराचा माणूस पाईप घालून पाणी सोडायला बघतो, म्हणजे माल सैल होऊन पटकन वाहील. तिथे उभं राहून 'नाही' म्हणणं हे साइट इंजिनिअरचं काम. त्या पाण्याने काँक्रीटची ताकद कमी होते आणि ते कुणाला डोळ्याने दिसत नाही. तुम्हाला क्यूबच्या (त्याच मालाच्या नमुना ठोकळ्यांच्या) निकालात दिसेल, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. क्यूब भरताना नीट भरले का, की नंतर चांगल्या मालाचे करून ठेवले, हेही तुम्हालाच माहीत असणार.

आणि शटरिंग काढण्याची घाई. ठेकेदाराला प्लेटा पुढच्या मजल्याला हव्या असतात, ऑफिसला पुढच्या स्लॅबचा हप्ता हवा असतो. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, सांगतं, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्याचे चौदा. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा, त्यापुढे एकवीस. पण हे दिवस तापमान पंधरा अंशांच्या वर असेल आणि साधं पोर्टलँड सिमेंट असेल तेव्हाचे. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या रात्री दहा अंशांखाली जातात, निफाडची थंडी तर तुम्ही घरीच अनुभवता. शिवाय आता बहुतेक ठिकाणी फ्लाय अ‍ॅशचं सिमेंट असतं आणि त्याची ताकद सावकाश वाढते. म्हणून हिवाळ्यात आम्ही टेकू जास्त दिवस ठेवतो. हे कारण तुम्हाला मालकाला शांतपणे, आकड्यांसह सांगता आलं तर बहुतेक मालक ऐकतात. ज्यांना असे प्रसंग येतात त्यांना एक सांगतो: तोंडी बोलणं झाल्यावर त्याच दिवशी साइट रजिस्टरमध्ये लिहा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. यात भांडण काहीच नाही, हा नोंदीचा भाग आहे.

उन्हाळ्यात उलटं. क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, पाणी नाही, टँकरचा खर्च डोळ्यात येतो आणि पहिल्यांदा कापलं जातं ते क्युरिंगच. गोणपाटं ओली ठेवणारा एक माणूस चोवीस तास लावला तर पुढे किती चिरा वाचतात हे मी स्वतः पाहिलंय. संडास-बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की पाणी भरून ठेवून खालच्या छताला ओल येते का ते बघायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण ताबा दिल्यानंतर येणाऱ्या तक्रारींतला मोठा भाग गळतीचा असतो.

मुलगी म्हणून साइटवर काम करण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. मिस्त्री-मुकादम सुरुवातीला तुमच्या पाठीमागे साहेबांना विचारायला जातील. पहिल्या काही महिन्यांत तुम्ही लेव्हल स्वतः लावून दाखवली, बार बेंडिंग शेड्यूल (सळ्यांच्या मापांचा तक्ता) स्वतः काढलं की ते थांबतं. माझ्या टीममध्ये मुली आहेत आणि स्टीलची तपासणी त्यांच्याइतकी बारकाईने फार थोडे करतात. पण साइटवर स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह आहे का आणि स्लॅबच्या रात्री घरी सोडायची सोय आहे का, हे आधी विचारा. विचारताना संकोच करू नका. जी कंपनी हे ऐकून हसते तिथे मजूर बायांचीही सोय केलेली नसणार.

सेल्सचं थोडक्यात. शनिवार-रविवार कामाचे, सुट्टी आठवड्याच्या मधे. गुढीपाडवा, अक्षय तृतीया, दसरा म्हणजे श्वास घ्यायला वेळ नाही, पितृपक्षात शुकशुकाट. नाशिकचा ग्राहक मात्र ओळखून घ्यावा लागतो. अंबड-सातपूरच्या कारखान्यात काम करणारा, ओझरच्या एचएएलमधला, नाशिक रोडच्या प्रेसमधला माणूस कर्जाचा हप्ता आधी बघतो. निफाड-दिंडोरीचा बागायतदार मुलांच्या शिक्षणासाठी कॉलेज रोड-गंगापूर रोडकडे घर बघतो आणि त्याचे पैसे द्राक्षाच्या हंगामानंतर येतात. त्याला दर महिन्याचं वेळापत्रक चिकटवलं की दोन्ही बाजूंना त्रास. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून मुंबईकडून 'दुसरं घर' बघायला येणारे वाढलेत, ते हवा आणि शांतता विचारतात. तुम्ही शेतकरी घरातल्या आहात, त्यामुळे यातल्या एका ग्राहकाची भाषा तुम्हाला आधीपासून येते. ती मोठी जमेची बाजू आहे.

सेल्समध्ये रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, पाठ पाहिजे. एकूण किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय घेता येत नाही. विक्री कार्पेट एरियावर, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या क्षेत्रावर. मोकळी पार्किंगची जागा विकता येत नाही. नकाशात बदल करायचा तर दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती. ताबा उशिरा दिला तर व्याज. हे माहीत असूनही टार्गेटच्या शेवटच्या आठवड्यात 'समोर गार्डनच राहणार आहे' असं म्हणण्याचा मोह होतो, आणि समोरचा प्लॉट दुसऱ्याचा असतो. नाशिक एवढंही मोठं शहर नाही. ज्यांना तुम्ही घर विकलं ते तुम्हाला भाजीबाजारात, शाळेच्या गेटवर, लग्नात भेटतात.

पैशाचं चक्र समजून घेतलंत तर नोकरी सुरक्षित आहे की नाही हे तुम्हाला आधी कळेल. ग्राहकांकडून येणाऱ्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात जातात आणि ते त्या प्रकल्पाच्या जमीन आणि बांधकामावरच खर्च करायचे. ते काढताना आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए या तिघांची प्रमाणपत्रं लागतात. पूर्वी एका प्रकल्पाचे पैसे दुसऱ्या जमिनीत घालायची सवय ज्यांना होती त्यांची यात कोंडी झाली, आणि जे आधीपासून सरळ होते त्यांना काही फरक पडला नाही. ज्या कंपनीत पगार दर महिन्याला पाच-सहा दिवस पुढे सरकतो, सिमेंट उधारीवर दुकान बदलून बदलून येतं, ठेकेदार ऑफिसात चेकसाठी बसून असतात, तिथे चक्र अडकलेलं आहे. वडील ज्या 'उद्या नाही' बद्दल बोलतात ते हेच.

ताबा देण्याचा काळ सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडणारा. दाखल्यासाठी अग्निशमन, लिफ्ट, पाणी, ड्रेनेज, झाडं, सगळ्यांची कागदपत्रं एका वेळी हवी असतात. ग्राहक भाड्याच्या घराची मुदत सांगत असतो. एखादी आजी नव्या स्वयंपाकघरात ओट्याची उंची हाताने मोजते. आणि त्याच महिन्यात टाइल्सचा ठेकेदार निघून गेलेला असतो. कायद्याप्रमाणे ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी विकसकाची, तक्रार आल्यावर तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्ती. काही कंपन्या या कामाला सगळ्यात कच्चा मुलगा नेमतात. माझ्या मते इथे सगळ्यात अनुभवी माणूस हवा, कारण गळती कुठून येते हे शोधणं नवं बांधण्यापेक्षा कठीण आहे. पश्चिमेच्या पावसाची भिंत, खिडकीची चौकट, वरच्या बाथरूमचा ट्रॅप, टेरेसवरचा कोबा, यातलं नेमकं काय? इथे दोन पावसाळे काढलेला इंजिनिअर पुढच्या प्रकल्पाच्या ड्रॉइंगमध्ये आपोआप खिडकीला नीट ठिबक-पट्टी मागतो.

नाशिकमधल्या बऱ्याच कंपन्या कुटुंबाच्या किंवा दोन-तीन भागीदारांच्या आहेत. निर्णय पटकन होतात, मालक रोज साइटवर येतो, तुम्हाला जमीन, मंजुरी, खरेदी, बिलिंग सगळं जवळून दिसतं. दुसरी बाजू अशी की पद कागदावर नसतं, पीएफसाठी पाठपुरावा करावा लागतो आणि वरच्या खुर्च्या पुतण्या-भाच्यांच्या असतात. पुण्याच्या मानाने पगारही कमी. मोठ्या कंपनीत कागदोपत्री सगळं व्यवस्थित, पण तीन वर्षं एकाच टेबलावर एकच काम करण्याची शक्यता असते.

तर तुमच्या दोन ऑफर. दोन्ही कंपन्यांचे जुने प्रकल्प महारेराच्या (रेरा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर काढा. दिलेली ताब्याची तारीख आणि वाढवलेली तारीख बघा, तक्रारी बघा, दर तिमाहीची माहिती भरलीय का बघा. मग रविवारी सकाळी त्यांच्या चार-पाच वर्षं जुन्या एखाद्या इमारतीत जा आणि वॉचमनला, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा: गळतीची तक्रार केली तर कोण येतं, आणि सोसायटीच्या नावावर जमिनीचं हस्तांतरण झालं का. जमल्यास कंपनीच्या सिमेंटवाल्याला भेटा, बिल वेळेवर निघतं का ते तो एका वाक्यात सांगेल.

या तपासणीत पाथर्डी फाट्याची फर्म नीट निघाली, तर पगार कमी असला तरी मी तुम्हाला साइटच घ्यायला सांगेन, निदान एक इमारत पायापासून ताब्यापर्यंत होईपर्यंत. ज्याने फुटिंग (कॉलमचा पाया) पाहिलंय त्याला पुढे सेल्स, प्लॅनिंग, खरेदी, कुठेही जाता येतं. सेल्समधून साइटवर परत यायला मात्र वर्षं गेली की अवघड होतं, हात आणि डोळा दोन्ही सुटतात. फर्म नीट निघाली नाही तर मोठ्या कंपनीची ऑफर घ्या, पण पहिल्या वर्षी दर आठवड्याला एक दिवस साइटवर जायची परवानगी ऑफर लेटरमध्ये लिहून मागा. आणि मुलाखतीत मालकांना एक प्रश्न नक्की विचारा: मागच्या प्रकल्पातलं ठेकेदाराचं कोणतं काम तुम्ही तोडून परत करायला लावलं होतं? ज्यांनी खरंच करायला लावलंय ते मजला आणि कॉलम नंबरसकट सांगतात.